एनेलेसीची इस्त्री

१

सोमवारी दुपारी दोन वाजता लोखंडी पेटी उघडली, तेव्हा आत बंदूक नव्हती.

कुलूप शाबूत होतं. किल्ली जेलोसच्या कमरेच्या दोरीला, म्हणजे जिथे ती असायची तिथेच होती. पेटीत काडतुसांचा डबा होता, नळी पुसायचं फडकं होतं, तेलाची बाटली होती. जिच्या भरवशावर आमचे पाहुणे जंगलात पायी हिंडतात, ती एकटी गायब.

जेलोस न्जोव्हू हा उद्यानाचा रक्षक. बंदूक सरकारची, तो सरकारचा, फक्त जेवायला आमच्याकडे. त्याने पेटीत दोनदा हात फिरवला, जणू एवढी लांब वस्तू फडक्याखाली सापडणार होती. मग तो तिथेच जमिनीवर बसला.

"मी सकाळी ठेवली होती," तो म्हणाला. "बा कासोंदे, तुम्ही बघितलंत ना?"

बघितलं होतं. मी लॅक्सन कासोंदे, मुसिकिझी कॅम्पचा स्वयंपाकी. रोज दहा वाजता फिरून आले की जेलोस सगळ्यांसमोर बंदूक रिकामी करतो, पेटीत ठेवतो आणि कुलूप दोनदा ओढून बघतो. मला त्याचा कंटाळा यायचा. आज तो कंटाळाच साक्षीला आला.

मुतिंता मॅडमनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, वायरलेसवर उद्यानाच्या कचेरीला कळवलं. पलीकडचा साहेब काही ओरडला नाही. त्याचंच जास्त भय वाटलं.

"रस्ता अजून चिखलात आहे," तो म्हणाला. "बारा दिवसांनी गाडी पाठवतो. तोवर बंदूक सापडली तर उत्तम. नाही सापडली तर त्याच गाडीत त्याला घालू. शिकारचोरांना बंदूक विकणाऱ्याला आमच्याकडे सात वर्षं आहेत, मॅडम. त्याला सांगून ठेवा."

सांगायची गरज नव्हती. तो तिथेच बसून ऐकत होता.

२

मे महिना नुकता लागला होता. पाऊस सरला होता, पण रस्त्यावर गुडघाभर चिखल आणि लुआंग्वा नदी काठोकाठ, मगरींसकट. सामानाची होडीही त्या दिवशी नव्हती. कोणी आलं नव्हतं, कोणी गेलं नव्हतं. म्हणजे बंदूक घेणारा आमच्यातलाच. आणि आम्ही होतो किती? सहा तंबू आणि सात माणसं.

मॅडम स्वतः तर फिर्यादी. पाहुणी एकच, हानेके नावाची निवृत्त डच शिक्षिका, पक्षी बघायला आलेली आणि एक पाय अधू. उरलो पाच. जेलोस, मी, वाढपी योताम, गाईड ऑब्री साकाला आणि कपडे धुणारी एनेलेसी.

मॅडमनी एकेकाला जेवणाच्या तंबूत बोलावलं. मी शेजारीच कांदे चिरत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. ऐकायला नको म्हणून कांदे सोडून जाणाऱ्यातला मी नाही.

"किल्ली तुझ्यापासून कधी सुटली?" मॅडमनी जेलोसला विचारलं.

"आंघोळीला. बारा वाजता. बोरूच्या कुडावर कपडे टाकतो, दोरीही तिथेच. पण आंघोळ झाल्यावर किल्ली होती."

"म्हणजे कोणीतरी नेली आणि परत आणून टांगली?"

"मला आंघोळीला वेळ लागतो," जेलोस ओशाळून म्हणाला.

योताम आत आला तो तोंड फुगवून. त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. "डबक्यावर गळ टाकायला गेलो होतो. मासा मिळाला नाही, म्हणून साक्षीदार नाही. आणि हो, माझ्या भावाला जेलोसनेच पकडून दिलं होतं. एका हरणापायी दीड वर्षं आत होता. हे सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगून टाकतो."

माझी पाळी आली तेव्हा मीही सांगून टाकलं. जेलोस बंदुकीच्या तेलाची बाटली माझ्या खायच्या तेलाशेजारी ठेवायचा, त्यावरून मी त्याला गेल्याच आठवड्यात पळी फेकून मारली होती. मॅडमनी ते लिहून घेतलं. मला ते आवडलं नाही.

ऑब्री आला तो ओल्या केसांनी, भांग पाडून. ऑब्री म्हणजे आमचं शोभेचं पान. उंच, हसरा, पाहुण्यांचा लाडका. त्याच्या शर्टाच्या बाहीवरची घडी अशी धारदार की तिने टोमॅटो कापावा.

"उकडत होतं, आंघोळ केली, झोपलो," तो म्हणाला. "मॅडम, जेलोस असं करणार नाही. मी त्याच्यासोबत चार हंगाम चाललोय. पण बंदूक काही आपल्या पायांनी जात नाही, तेही खरंच." एवढं बोलून त्याने मान हलवली. त्याच्या बोलण्याने जेलोसची बाजू सावरली की बुडाली, ते मला आजही सांगता येत नाही.

मग झडती झाली. तंबू, झोपड्या, पिठाची पोती, माझी पाव भाजायची पेटीसुद्धा. काठाचे बोरू काठ्यांनी झोडले. संडासामागच्या वारुळावर खाजकुइलीचं जाळं माजलं होतं, शेंगा वाळून नुसत्या लव सोडत होत्या. योताम तिकडे वळला तर ऑब्री हसला.

"जा जा. मग रात्रभर नाच बघू तुझा."

योताम फिरला. आम्ही सगळेच वळसा घालून पुढे गेलो. अंधार पडेस्तोवर बंदूक सापडली नाही.

३

मंगळवारी सकाळी एनेलेसी निखारे न्यायला आली.

तिच्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी बा लावतात, पण एनेलेसीला सगळे अमाई म्हणतात, आई. पन्नाशीची, बुटकी, आणि हातांना कातडं नाही, चामडं. एकोणीस हंगाम ती या कॅम्पचे कपडे धुते आणि कोळशाच्या इस्त्रीने कडक करते. लिहिता-वाचता येत नाही. खिशात राहिलेल्या वस्तू ती एका बिस्किटाच्या डब्यात टाकते आणि ज्याची त्याने येऊन न्यावी अशी पद्धत आहे. कॅम्पात इस्त्री एकच, ती तिची, आणि तिला दुसऱ्याने हात लावलेला तिला चालत नाही. निखारे मात्र माझे, म्हणून आमचं रोज बोलणं व्हायचं.

जेलोस तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आमच्या इथे मावशी म्हणजे आईच, आणि ही तर खरोखरची झाली.

"रडलीस का रात्री?" मी विचारलं.

"रडून बंदूक येते का?" तिने इस्त्रीत निखारे भरले आणि झाकण आपटलं. "मी शोधणार आहे, बा कासोंदे."

"तू? मॅडमना नाही सापडली."

"मॅडम माणसांना विचारतात. माणसं काय, बोलतातच. माझ्याकडे त्यांचे कपडे येतात. कोणाच्या गुडघ्याला काय लागलंय, कोण कुठे बसून आलाय, कोणी कोणाची पावडर लावलीय, सगळं माझ्या हाताला कळतं."

"मग कळलं का?"

"कालचे कपडे आले. तुमच्या एप्रनला कांदा. योतामच्या पँटला डबक्याचा चिखल आणि शेवाळ, म्हणजे खरं बोलला. जेलोसचं काही नाही, फक्त घाम. भीतीचा घाम वेगळा वास मारतो." तिने इस्त्रीवरची राख फुंकली. "ऑब्रीचा शर्टच नाही आला."

"आळस केला असेल."

तेवढ्यात तिची नजर दोन नंबरच्या तंबूकडे गेली आणि ती तरातरा निघाली. हानेके बाईंनी टॉवेल झुडपावर वाळत टाकला होता.

"बाई! किती वेळा सांगू? ओलं कापड झुडपावर नको. माशी बसते, अंडी घालते. इस्त्री फिरली की अंडी मरतात, म्हणून तर मी तुमचे मोजेसुद्धा इस्त्री करते."

"आणि नाही फिरली तर?" बाईंनी हसत विचारलं.

"मग आठ-दहा दिवसांनी इस्त्रीवालीची आठवण येते."

बाई खो खो हसल्या. आतले कपडे त्यांचे त्यांनाच धुवावे लागत, कारण आमच्याकडे दुसऱ्याच्या आतल्या कपड्यांना बाईमाणूस हात लावत नाही. ते त्या तंबूतच सुकवत, इमानाने. पण टॉवेल दिसला की एनेलेसी पोलीस व्हायची.

त्या दुपारी चहाच्या वेळी हानेके बाईंनी ऑब्रीची चेष्टाही केली. "आज तुमच्या बाहीची धार कुठे गेली? मी तर टोमॅटो घेऊन आले होते." टोमॅटोचा विनोद मुळात माझा होता. ऑब्रीने बाही झटकली आणि विषय हत्तींवर नेला.

हत्तींचा विषय त्याला नको असायला हवा होता, खरं तर. पंधरा दिवसांपूर्वी पिल्लाजवळची एक हत्तीण त्याच्या टोळीवर चालून आली होती. जेलोसने हवेत गोळी झाडली तेव्हा ती वळली. पाहुणे सुखरूप होते, पण झाडलेल्या प्रत्येक गोळीचा कागद रक्षकाला कचेरीत द्यावा लागतो. कोण कुठे उभं होतं, किती जवळ, चूक कोणाची. रस्ता सुकला की तो कागदही जाणार होता.

४

दिवस गेले. जेलोसने गणवेश घडी करून ठेवला आणि माझ्यासाठी लाकडं फोडायला लागला. न्शिमाचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा तो बोटांनी वळत बसे आणि ताटात तसाच ठेवून उठे. माझ्या हातचं अन्न ताटात राहिलेलं मला सहन होत नाही. पण त्याला मी काही बोललो नाही.

"मांत्रिक बोलवा," योताम म्हणाला. "चोराचं पोट फुगवतो."

"आधी तुझंच फुगेल," मी म्हणालो.

पुढच्या बुधवारी, म्हणजे गाडी यायला तीन दिवस असताना, माझं बेकन चोरीला गेलं.

हे मी मोठ्याने सांगितलं म्हणून सगळे हसले, पण बेकन विमानाने येतं, मग होडीने येतं, आणि त्याची प्रत्येक पट्टी माझ्या डोक्यात असते. मी योतामच्या अंगावर धावून गेलो. तो शपथा घालू लागला. ऑब्री तिथेच उभा राहून चहा पीत होता. हल्ली तो उभ्यानेच प्यायचा. "एवढ्याशा बेकनसाठी बा कासोंदे कोणाला तरी भाजून काढतील," तो म्हणाला.

मी चरफडत एनेलेसीकडे गेलो. ती उशीचे अभ्रे इस्त्री करत होती.

"किती गेलं?"

"तीन पट्ट्या. निव्वळ चरबीच्या. आणि शिजवलेल्या नाहीत, कच्च्या! सगळं भाजलेलं पुढ्यात असताना कच्चं उचलून नेतं कोणी?"

इस्त्री हवेतच थांबली.

"कच्च्या," ती म्हणाली.

"हो."

"आज किती दिवस झाले सोमवारला? त्या सोमवारला?"

"नऊ."

तिने इस्त्री बैठकीवर ठेवली आणि दोन्ही हात पोटाशी धरले. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला वाटलं होतं, असेल.

"उद्या चार वाजता सगळ्यांना चहाला बसवा," ती म्हणाली. "केक करा. आणि मला भरपूर निखारे लागतील."

५

गुरुवारी चार वाजता तिने इस्त्रीचं टेबल जेवणाच्या तंबूच्या मधोमध मांडलं. मॅडम, हानेके बाई, आम्ही चार पुरुष. केक लिंबाचा होता, चांगला झाला होता, कोणी खाल्ला नाही.

"मला सगळ्यांचे शर्ट हवेत," एनेलेसी म्हणाली. "आत्ता, अंगावरचे. इस्त्री करून लगेच देते."

हानेके बाईंनी उत्साहाने वरचं बटण सोडलं.

"बाई, तुमचा नको."

"अरेरे," बाई म्हणाल्या.

जेलोसने काढला. योतामने काढला. मीही काढला, आणि माझ्या पोटाकडे बघून योताम जे पुटपुटला ते इथे लिहीत नाही. ऑब्री हलला नाही.

"अमाई, हा काय खेळ? पाहुण्यांसमोर?"

"खेळच समज. काढ."

"मी नाही काढणार."

"मग खुर्चीवर बस. नीट. पाठ टेकून."

ऑब्री उभाच राहिला.

"दोन दिवस तू टेकून बसला नाहीस," एनेलेसी म्हणाली. "काल बा कासोंदेंचं कच्चं बेकन गेलं. ते खाण्यासाठी नव्हतं. या खोऱ्यातली कोणतीही आई सांगेल ते कशाला लागतं. कातडीखाली पुत्सी माशीची अळी शिरली की फोडाला चरबी थापतात. अळीचा श्वास कोंडतो, ती वर येते, मग पिळून काढतात. व्हॅसलिन मागितलं असतंस तर मला कळलं असतं, म्हणून मागितलं नाहीस. बा कासोंदे शहरातले, त्यांना कळणार नाही असं तुला वाटलं."

मला कळलं नव्हतंच. खाणींच्या गावात असल्या अळ्या नसतात.

"अळी झाली, त्यात काय?" ऑब्री म्हणाला. "माणसाला होते."

"या कॅम्पात एकोणीस हंगामांत कोणाला झाली नाही. कारण इथे इस्त्रीशिवाय कापड अंगाला लागत नाही. तुम्ही सगळे माशीला विसरून गेलात, इतकी मी तुम्हाला सवय लावली. तू मात्र इस्त्री न केलेला शर्ट घातलास. मंगळवारी. बाईंना बाहीची धार दिसली नाही, आठवतं?"

हानेके बाईंनी हात तोंडावर ठेवला.

"सोमवारचा तुझा शर्ट माझ्याकडे आला नाही. तू तो स्वतः धुतलास आणि झोपडीमागे झुडपावर वाळत टाकलास. माशीने तेवढ्यात काम केलं, आणि आठ-नऊ दिवसांत फोड पिकले."

"चिखल लागला होता, म्हणून धुतला. हा गुन्हा आहे का?"

"चिखलाचे शर्ट तू रोज माझ्या टोपलीत फेकतोस, ऑब्री. एकदा उलटीचाही फेकला होतास, पाहुण्याच्या. तेव्हा लाजला नाहीस. मग या शर्टात असं काय होतं, जे माझ्या हाताला लागायला नको होतं? आठ दिवस मी हाच विचार केला. रक्त? रक्त बा कासोंदेंच्या एप्रनला रोज असतं. तेल? ते जेलोसच्या कपड्यांना असतं." तिने आपले चामड्यासारखे हात पुढे धरले. "या हातांना निखारा लागला तरी कळत नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती कापडात राहिली तर मी दिवसभर कोपरापर्यंत ओरबाडत बसेन."

"खाजकुइली," योताम हळूच म्हणाला. मग ओरडलाच, "वारुळावर! मी तिकडे चाललो होतो, यानेच मला फिरवलं!"

"आणि भर दुपारी आंघोळही केली होती," मॅडम म्हणाल्या. ऑब्रीकडे बघत त्या उठून उभ्या राहिल्या.

"जेलोस," एनेलेसी म्हणाली, "ओलं कांबळं गुंडाळून घे आणि लांब काठी घे. शेंगांना हात लावू नकोस."

जेलोस उघड्या अंगानेच धावला. आम्ही वाट बघितली. ऑब्रीने केकच्या बशीकडे नजर लावली होती. माझ्या केकला असा प्रेक्षक कधी मिळाला नव्हता.

जेलोस आला तो रडत, हसत आणि खाजवत. हातात ताडपत्रीत गुंडाळलेली बंदूक होती.

६

"का?" मॅडमनी विचारलं.

ऑब्री खुर्चीच्या कडेवर बसला. आता त्याचा शोभेचा चेहरा उतरला होता.

"हत्तिणीचा कागद," तो म्हणाला. "पाहुण्यांना फोटो हवा होता, मी जवळ नेलं. वीस पावलं. नियम साठचा आहे. कागद गेला की माझा परवाना गेला. बारा वर्षं घालवली मी त्या परवान्यासाठी, मॅडम. जेलोस एक अक्षर खोटं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून वाटलं, बंदूक हरवली की हाच चोर ठरेल. मग चोराचा कागद कोण वाचतं?"

"सात वर्षं," एनेलेसी म्हणाली. "माझ्या पोराची सात वर्षं."



जेलोस बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. "कागद मी लिहिला होता," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात. खिशात ठेवला आणि शर्ट धुवायला गेला. मला वाटलं पाण्यात विरघळला. पुन्हा लिहायला बसणार होतो, तर हे झालं. मग कोणी विचारलंच नाही."

एनेलेसी वळली. तिने टेबलाखालून बिस्किटाचा डबा काढला. त्यात बटणं होती, बिया होत्या, एका पाहुण्याचा चष्मा होता. तळाशी चार घड्यांचा कागद. तिने तो धुण्याआधीच काढून ठेवला होता, कोरडा, नीट. तिला वाटलं असावं, किराण्याची यादी.

तिने तो ऑब्रीपुढे धरला. "वाच. मोठ्याने."

ऑब्रीने वाचला. आवाज पहिल्या ओळीला ठीक होता.

"हत्तीण अचानक वळली. अंतर कमी होतं, हे मीही वेळेवर सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. गाईड साकाला पळाला नाही. तो पाहुण्यांच्या पुढे हात पसरून उभा राहिला, म्हणून मला नेम धरायला आणि मग हवेत झाडायला वेळ मिळाला. त्याला ताकीद पुरे. त्याचा परवाना काढू नये, अशी माझी विनंती आहे. जेलोस न्जोव्हू."

हानेके बाईंनी रुमाल काढला.

"पंधरा दिवसांहून जास्त हा माझ्या डब्यात होता," एनेलेसी म्हणाली. "हाताला सगळं कळतं म्हणून मिरवते मी. बा कासोंदे रोज निखाऱ्यांपाशी बसायचे. त्यांना एकदा म्हटलं असतं, वाचून दाखवा, तर…" इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना बघितलं, आणि मला काय करावं सुचेना म्हणून मी तिच्यासाठी केक कापला.

मॅडम वायरलेसकडे गेल्या. शनिवारी गाडी येणार होतीच, आता तिच्यात दुसरा माणूस बसणार होता. हे ऑब्रीलाही कळलं. त्याने कागदाच्या होत्या तशा चार घड्या केल्या आणि तो जेलोसला दिला. बोलायला तोंड उघडलं, पण जेलोस दुसरीकडे बघत होता.

एनेलेसीने डोळे पुसले, हात धुतले आणि माझ्याकडून व्हॅसलिनचा डबा मागून घेतला.

"काढ आता शर्ट," ती ऑब्रीला म्हणाली. "अळ्या घेऊन कोणाला इथून जाऊ देत नाही मी."

त्याने काढला. पाठीवर सात फोड होते. चार तिने पिळून काढले तोवर तो दात आवळून गप्प होता, पाचव्याला मात्र हलायला लागला.

"हलू नकोस. जेलोस, धर याला."

जेलोस जरा वेळ जागचा हलला नाही. मग त्याने बंदूक टेबलावर ठेवली, पुढे आला आणि ऑब्रीचे खांदे दोन्ही हातांनी घट्ट धरले.